न घेतलेल्या मुलांची वही

या महिन्याच्या टपालात अर्थशास्त्राच्या शिक्षणाबद्दल तीन पत्रं होती. एक अंबाजोगाईहून, एक मुंबईहून, एक नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलीचं. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. ते लांबवायलाच हवं होतं, कारण असे वर्ग चालवणारे अनेक जण हे सदर वाचतात आणि त्या सगळ्यांना आज ना उद्या हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दोन सहकाऱ्यांना घेऊन मे महिन्यात सहा आठवड्यांचा निवासी वर्ग सुरू केला. एस. वाय. झालेली मुलं-मुली घेतो. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कुणी पारधी वस्तीवरचं, कुणाची दोन एकर कोरडवाहू. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि इंग्रजीतून प्रश्न वाचायची सवय एवढंच शिकवतो, म्हणजे पुढच्या वर्षी एम. ए. अर्थशास्त्राच्या चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांना ती बसू शकतील. कोरोनाची दोन वर्षं सोडून पाच उन्हाळे झाले. दरवर्षी 24 मुलं. 120 पैकी 46 जण अशा संस्थांत पोहोचले. आम्हाला पैसे देणाऱ्या न्यासात आता नवीन अधिकारी आले आहेत. त्यांनी विचारलं, ‘ही 46 मुलं तुमच्या वर्गाशिवाय गेलीच नसती, हे कशावरून?’ मला ते फार लागलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. याला उत्तर काय द्यायचं?
— एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : सर, तुम्ही मला ताई म्हटलंत, पण मी तुम्हाला सरच म्हणणार. बारावीनंतर गणित सुटलेल्या मुलांना सहा आठवड्यांत विकलन शिकवणं म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक आहे. तुम्हाला लागलं ते साहजिक आहे. पण त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो तुमच्यावरच्या अविश्वासातूनच आला असेल असं धरून चालू नका. हाच प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. त्याची खंत मला आजही आहे.

कार्यक्रमांचं मूल्यमापन करायला मी नुकती लागले होते तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका जिल्ह्यात असाच एक वर्ग होता. 40 विद्यार्थी, त्यांतल्या 31 जणांना प्रवेश. मी भारावून गेले. अहवालात 31 हा आकडा ठळक छापला, फोटो लावले, आणि त्या अहवालावर वर्गाला पुढच्या तीन वर्षांचे पैसे मिळाले. वर्षभरानं त्यांच्या कार्यालयात गेले, तर तिथले कारकून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा रद्दीत टाकायला निघाले होते. ते अर्ज होते, ज्यांना वर्गात घेतलं नव्हतं त्यांचे. मी तो मागून घेतला. सगळ्यांना जोडकार्डं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली पोस्टकार्डं, पाठवली, आणि बरीच उत्तरं लिहून परत आली. वर्गात घेताना बारावीला गणितात उत्तम गुण असलेलीच मुलं घेतली होती. न घेतलेल्यांपैकी ज्यांचे गुण त्यांच्याच जवळपास होते, त्यांतलेही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात त्याच संस्थांत पोहोचले होते, वर्गाशिवाय. माझ्या अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. तरी त्या अहवालामुळे तीन वर्षांचे पैसे जिथे फारसा फरक पडत नव्हता तिथे गेले, आणि तुमच्यासारख्या कुणाला तरी ते मिळाले नाहीत.

म्हणून सर, ‘46 पोहोचले’ हे अर्धंच वाक्य आहे. तुमचा वर्ग नसता तर किती पोहोचले असते, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. तो तुमच्या 120 मुलांना विचारून कळणार नाही. ती प्रेमानं म्हणतील, ‘सरांमुळेच.’ तो कळतो तुमच्यासारख्याच पण वर्गात न आलेल्या मुलांकडून.

तुमच्या वर्गाचं एक मोठं भावंड अमेरिकेत आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन ही तिथल्या अर्थशास्त्रज्ञांची संघटना. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थी अर्थशास्त्रात फार कमी येतात, म्हणून तिनं 1974 मध्ये एक उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी तो बर्कलीला भरला, नंतर यजमान विद्यापीठं बदलत गेली. साधारण दोन महिने गणित, सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती (म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले प्रश्न तपासायची रीत) आणि संशोधन कसं करतात याचं कसून शिक्षण. तुमचंच सूत्र. पदवीच्या वर्गात न मिळालेली शिदोरी पुढच्या परीक्षेआधी बांधून द्यायची. हेतू मात्र एक पायरी पुढचा, या मुलांनी पीएच. डी.ला जावं असा.

या कार्यक्रमाची नीट तपासणी 2016 मध्ये छापून आली, म्हणजे सुरुवातीनंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. चार्ल्स बेकर, सिसिलिया राउझ आणि मिंग्यू चेन या तिघांनी ती केली. बेकर यांनी स्वतः तो कार्यक्रम चालवला होता. राउझ पुढे 2021 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय. कार्यक्रमाला गेलेल्यांपैकी किती डॉक्टर झाले, एवढं मोजून त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. अर्ज केला होता पण कार्यक्रमाला गेले नाहीत, अशांचे पुढचे रस्ते त्यांनी शोधून काढले आणि दोन्ही गट शेजारी ठेवले. जाणाऱ्यांत अर्थशास्त्राच्या पीएच. डी.ला अर्ज करून दाखल होणारे शंभरामागे चाळिसाहून जास्त अधिक निघाले. पीएच. डी. पूर्ण करणारे शंभरामागे 26 अधिक. आयुष्यात कधी ना कधी अर्थशास्त्राशी संबंधित अध्यापन-संशोधनाची नोकरी करणारे सुमारे 15 अधिक. त्यांच्या हिशेबानं, त्याआधीच्या वीस वर्षांत अल्पसंख्य समाजांतल्या लोकांना मिळालेल्या अर्थशास्त्राच्या पीएच. डी.पैकी 17 ते 21 टक्के या एकाच कार्यक्रमामुळे असाव्यात.

‘असाव्यात’ हा शब्द मी जपून वापरते आहे. न गेलेला विद्यार्थी का गेला नाही? घरी कुणी आजारी असेल, उन्हाळ्यात नोकरी करणं भाग असेल, किंवा मुळातच ओढ कमी असेल. कारण तिसरं असेल तर तुलना थोडी लंगडी पडते. त्या तिघांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी एकाच रीतीवर भिस्त न ठेवता वेगवेगळ्या रीतींनी हिशेब करून पाहिला. पण मूळ गोष्ट अशी की कुणीतरी ते जुने अर्ज जपून ठेवले होते, म्हणून हे सगळं होऊ शकलं. रद्दीत गेले असते तर चाळीस वर्षांच्या कामाबद्दल नुसत्या आठवणी सांगता आल्या असत्या.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

पाच वर्षांत न घेतलेल्यांचे अर्ज तुमच्याकडे आहेत का? असतील तर आज संध्याकाळी ते बाहेर काढा आणि एक वेगळी वही घाला. नाव, गाव, एस. वाय.चे गुण, बारावीला गणित होतं की नव्हतं, आणि ते मूल आज कुठे आहे. फोन मे महिन्यातच करा. दिवाळीनंतर घरं कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात, नंबर लागला तरी निवांत बोलणं होत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक. अर्जावरचा नंबर बहुधा वडिलांचा किंवा भावाचा असतो, आणि लग्नानंतर त्या नंबरावर ‘ती आता इथे नसते’ एवढंच ऐकू येतं. पुढच्या वर्षीपासून अर्जावर तीन नंबर घ्या, त्यातला एक मामाचा किंवा मैत्रिणीचा. हे किरकोळ वाटेल, पण माझा अनुभव असा की मूल्यमापनं अवघड गणितानं फसत नाहीत. माणसं सापडत नाहीत म्हणून फसतात. त्यातही जी सापडत नाहीत त्यांचीच स्थिती बहुधा सर्वांत वाईट असते, त्यामुळे फक्त सापडलेल्यांचा हिशेब गोड दिसतो.

जुने अर्ज नसले तर झालं ते झालं. येत्या मे महिन्यापासून निवडीची पद्धत बदला. यावर तुम्ही रागावाल, तरी सांगते. जी मुलं तुमच्या निकषांत स्पष्टपणे बसतात आणि ज्यांना वर्गाची निकड आहे, त्यांना आधी घ्या. उरलेल्या जागांसाठी सारख्याच तोलाची मुलं जास्त असतील, तर चिठ्ठ्या टाका.

‘मुलांचं भवितव्य चिठ्ठीवर?’ हे तुम्ही म्हणणार. पण सध्या काय होतं ते आठवून पाहा. दहा मिनिटांची मुलाखत होते आणि जे मूल डोळ्यांत बघून बोलतं ते आत येतं. तांड्यावरची मुलगी मान खाली घालून बसते, ती बाहेर राहते. सारख्या तोलाच्या मुलांत चिठ्ठी मुलाखतीपेक्षा जास्त न्यायी आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि जी मुलं चिठ्ठीत बाहेर राहिली ती निव्वळ नशिबानं बाहेर राहिली, ओढ कमी म्हणून नव्हे. बेकर-राउझ-चेन यांच्या तुलनेतला लंगडेपणा तिथे उरत नाही. एक बंधन मात्र पाळा. तुलनेसाठी म्हणून एकही खाट रिकामी ठेवायची नाही. 24 जागा असतील तर 24 मुलं आत हवीत.

अर्थशास्त्रज्ञांनी हा उपाय स्वतःवरही करून पाहिला आहे. त्याच अमेरिकन संघटनेची स्त्रियांच्या स्थितीवर काम करणारी समिती 2004 पासून तरुण प्राध्यापिकांसाठी मार्गदर्शन शिबिर भरवते. छोट्या गटांत ज्येष्ठ प्राध्यापिका त्यांचे शोधनिबंध वाचतात, खाचाखोचा सांगतात. अर्ज जागांपेक्षा जास्त यायचे, म्हणून निवड सोडतीनं झाली आणि दोन्ही गटांचा पाठपुरावा केला गेला. 2010 मध्ये पहिले निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर शिबिरात गेलेल्यांचे शोधनिबंध सरासरी 3 नं जास्त होते, आणि अव्वल नियतकालिकात निबंध छापून येण्याची शक्यता शंभरामागे 25 नं जास्त. पुढे 2020 मध्ये कायम नोकरीचा हिशेब लागला, तोही शिबिराच्या बाजूनं. सोडतीमुळेच हे कुणालाही खोडता आलं नाही.

एका उन्हाळ्याच्या आकड्यांवरून मात्र काही ठरवू नका. समजा वर्गातल्या 24 पैकी 12 पोहोचले आणि चिठ्ठीत बाहेर राहिलेल्या 24 पैकी 8. चारांचा फरक. नाणं उडवूनही एवढा फरक सहज पडतो. हेच प्रमाण पाच वर्षं टिकलं, 120 पैकी 60 आणि 120 पैकी 40 असं झालं, तर तो निव्वळ योगायोग म्हणणं कठीण जाईल. न्यासाच्या अधिकाऱ्यांना हे उदाहरण याच शब्दांत सांगा आणि पाच वर्षांची मुदत मागा. त्यांनी इतका चांगला प्रश्न विचारला आहे, तर त्याच्या उत्तराला लागणारा वेळही त्यांनी द्यायला हवा.

आणखी एक रकाना घाला. वर्गात आलेलं आणि न आलेलं प्रत्येक मूल अर्थशास्त्रात गेलं नाही तर कुठे गेलं? तुमच्या 74 जणांत कुणी पोलीस भरतीत असेल, कुणी बँकेच्या परीक्षेतून क्लार्क झालं असेल, कुणी आईवडिलांच्या कोयत्याला कोयता लावून फडात उभं असेल. ही तिन्ही मुलं तुमच्या आजच्या हिशेबात एकाच खान्यात, ‘न पोहोचलेली’ म्हणून पडतात. कॅल्क्युलस शिकलेली मुलगी बँकेत लागली तर मी तिला तुमच्या वर्गाचं अपयश म्हणणार नाही. तिसऱ्याबद्दल मात्र मला झोप लागणार नाही, आणि तुम्हालाही लागू नये.

प्रश्न : मी मूळची सांगली जिल्ह्यातली. गावाकडच्या कॉलेजातून अर्थशास्त्रात बी. ए. केलं, पुढे शिकले, आता मुंबईत एका बँकेच्या संशोधन विभागात काम करते. माझ्या जुन्या प्राध्यापकांनी एफ. वाय.च्या मुलींशी पंधरा मिनिटं बोलायला बोलावलं आहे. दोन दिवसांची रजा टाकून जावं लागेल. पंधरा मिनिटांच्या भाषणानं खरंच काही होतं का, की हार-नारळ आणि फोटो एवढंच?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : जा. कारण सांगते.

टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत कॅथरीन पोर्टर आणि डनिला सेरा यांनी 2016 मध्ये जवळपास हेच करून पाहिलं. अर्थशास्त्राच्या सुरुवातीच्या काही वर्गांत त्याच विद्यापीठाच्या दोन माजी विद्यार्थिनींना थोडा वेळ बोलायला बोलावलं, काही वर्गांत नाही बोलावलं. वक्त्या निवडताना तिथे शिकणाऱ्या मुलींची मदत घेतली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एरवी त्या वर्गांतल्या मुलींपैकी सुमारे 9 टक्के पुढे अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेत. ज्यांनी त्या दोघींना ऐकलं त्यांच्यात हे प्रमाण 8 टक्के-अंकांची भर पडून जवळपास दुप्पट झालं. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही. आणि ज्या मुली वळल्या त्या आधी कमी कमाईच्या विषयांकडे निघालेल्या होत्या. म्हणजे एका चांगल्या वाटेवरून ओढून दुसरीकडे नेलं, असंही झालं नाही.

याहून साधा प्रयोग अमांडा बेयर, स्यॉन भनोत आणि फर्नांडो लोझानो यांनी नऊ अमेरिकी कॉलेजांत केला. नव्यानं येणाऱ्या विद्यार्थिनींना आणि अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांना कॉलेज सुरू होण्याआधी अर्थशास्त्राकडे या, असं स्वागत करणारे दोन ई-मेल पाठवले. पहिल्याच सत्रात अर्थशास्त्राचा वर्ग पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 3 टक्के-अंकांनी वाढलं, म्हणजे आधीच्या जवळपास एक पंचमांश. ‘तुमची इथे वाट बघतोय’ एवढं कळणंसुद्धा ज्यांना कधी कुणी बोलावलं नाही त्यांच्यासाठी मोठं असतं. मी हायस्कूलात असताना आमच्या बाई एकदा घरी येऊन आईला म्हणाल्या होत्या, ‘हिला गणित सोडू देऊ नका.’ त्या पाच मिनिटं ओट्यावर बसल्या असतील.

पण यावरून कुठेही भाषणं ठेवा नि मुली येतील, असं समजू नका. क्लॉडिया गोल्डिन यांचं नाव 2023 च्या नोबेलमुळे आपल्याकडेही पोहोचलं. त्यांनी 2015 मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. तेव्हा अमेरिकेत अर्थशास्त्र मुख्य विषय घेणाऱ्यांत एका मुलीमागे सुमारे तीन मुलगे असत. ते बदलावं म्हणून सोडतीनं निवडलेल्या 20 संस्थांना अधिक माहिती, मार्गदर्शन आणि अभ्यासक्रमात बदल यांसाठी मदत दिली आणि बाकीच्या संस्थांशी ताडून पाहिलं. पदवीच्या शिक्षणावर भर असलेल्या छोट्या कॉलेजांत फरक पडला. मोठ्या विद्यापीठांत एकूण पाहता तो दिसला नाही. माझा कयास असा, की छोट्या कॉलेजात प्राध्यापक मुलीला नावानं ओळखतात, तिथे बोलण्याला पुढचा हात मिळतो. हजारांच्या गर्दीत शब्द विरून जातो.

तुमच्या बाबतीत एक फरक मात्र लक्षात ठेवा. मी पाहिलेल्या आपल्या ग्रामीण कला महाविद्यालयांत बी. ए.च्या अर्थशास्त्राच्या बाकांवर मुली पुष्कळ असतात. त्या गळतात पुढे, टी. वाय. नंतर, आणि बहुतेकदा दोन कारणांनी. दहावीनंतर गणित सुटलेलं असतं आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असतं. तेव्हा ‘अर्थशास्त्र किती छान’ यावर तुमची पंधरा मिनिटं घालवू नका. तुम्ही गणित कुठल्या वर्षी, कुणाकडून, कुठलं पुस्तक घेऊन भरून काढलंत ते सांगा. घरी काय म्हणून सांगितलंत ते सांगा. पहिला पगार किती होता तेही सांगा, आकड्यासकट, कारण घरी गेल्यावर मुलीला तोच आकडा वापरता येतो. आणि प्राध्यापकांना विनंती करा की जमलं तर दोन तुकड्यांपैकी एकीलाच यंदा तुमचं भाषण ठेवावं, दुसरीला पुढच्या वर्षी. दोन वर्षांनी कुठल्या तुकडीतल्या किती मुलींनी प्रवेश परीक्षेचे फॉर्म भरले, ते त्यांच्या हजेरीपटावरून निघेल. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

प्रश्न : मॅडम, माझं नाव छापू नका. मी धडगावकडची, पावरा समाजाची. घरात पहिली पदवीधर मीच. एका सरांच्या मोफत वर्गातून तयारी करून एम. ए. अर्थशास्त्राला मोठ्या शहरात लागले. सरांच्या फ्लेक्सवर माझा फोटो आहे. पण पहिल्या सत्रात गणिती अर्थशास्त्राचा पेपर राहिला. वर्गात सगळं इंग्रजीत, मुलं एकमेकांना आधीपासून ओळखतात, मेसमध्ये मी एकटी जेवते. सोडून परत यावं असं वाटतं. पण सरांना तोंड कसं दाखवू? ते मला ‘यशस्वी’ म्हणून सगळ्यांना सांगतात.
— नंदुरबार जिल्हा

उत्तर : बाळ, आधी एवढं कर. हे पत्र वाचून झालं की सरांना फोन कर आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. फ्लेक्सवर फोटो लावणारा शिक्षक राहिलेल्या पेपरचं ऐकून तुटत नाही. त्यांना न सांगता परत आलीस, तर मात्र त्यांना आयुष्यभर चुटपुट राहील. मग तुमच्या विभागात तो पेपर शिकवणाऱ्यांना भेट आणि फक्त एकच विचार, ‘हा पेपर काढायला मला गणिताचे कुठले धडे आधी यायला हवेत?’ यादी मागून घे. ‘मला काही समजत नाही’ असं म्हणू नकोस, त्यावर कुणी काही करू शकत नाही. यादीवर करता येतं. संस्थेत समान संधी केंद्र किंवा एस. सी.-एस. टी. कक्ष असेल, तिथे जादा शिकवणीची लेखी मागणी दे. त्यासाठी अर्ज करणं हा तुझा हक्क आहे. आणि वर्गात आणखी कुणाचा तोच पेपर राहिला आहे, ते शोध. असतंच कुणीतरी. मेसमध्ये त्या मुलीसमोर ताट घेऊन बस.

तू एकटी का पडलीस याची जबाबदारी तुझ्यावर नाही, हेही तुला सांगायला हवं. 1921 साली सेडी टॅनर मॉसेल या तरुणीनं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची पीएच. डी. मिळवली. फिलाडेल्फियात स्थलांतर करून आलेल्या शंभर कृष्णवर्णीय कुटुंबांचं राहणीमान हा तिचा विषय. अर्थशास्त्रात पीएच. डी. मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती. पण त्या विद्येचं काम तिला अर्थशास्त्रात मिळालं नाही. काही काळ एका विमा कंपनीत काम करून ती कायद्याकडे वळली आणि नामवंत वकील झाली. आपण तिला सेडी अलेक्झांडर या लग्नानंतरच्या नावानं ओळखतो. त्याच 1921 साली बाबासाहेबांनी लंडनहून एम. एस्‌सी. मिळवली. त्याआधी कोलंबियाला ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर गेले होते. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हा सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. शिष्यवृत्तीनं दार उघडलं होतं. त्या भांड्याची व्यवस्था कुणी केली नव्हती.

सेडी अलेक्झांडर यांच्या नावानं 2018 मध्ये दोन तरुण कृष्णवर्णीय मुलींनी अमेरिकेत एक संस्था काढली. अर्थशास्त्रात येणाऱ्या आपल्यासारख्या मुलींना एकमेकींची गाठ पडावी म्हणून. त्यांना नेमकी तुझ्या मेसमधली जागा दिसली होती, असं मला वाटतं.

वर अंबाजोगाईच्या सरांना मी अमेरिकेतल्या उन्हाळी कार्यक्रमाचे आकडे दिले आहेत. ते पुन्हा पाहा. न गेलेल्यांपेक्षा दाखल होणारे शंभरामागे चाळिसाहून जास्त, पूर्ण करणारे 26 नं जास्त, पुढे अध्यापन-संशोधनाची नोकरी करणारे 15 नं जास्त. इतक्या चांगल्या कार्यक्रमानं पाडलेला फरकही टप्प्याटप्प्यानं कमी होत जातो. मोजणाऱ्यांनी तीन टप्पे मोजले म्हणून ते दिसलं. तुझ्या सरांनी पहिलाच टप्पा मोजला आणि फ्लेक्स लावला. त्यांचा हेतू वाईट नाही, मीही एकदा तेच केलं होतं. पण तुझ्या पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी तुला एक फोन यायला हवा होता. तो आला नाही, याची नोंद त्यांच्या वहीत व्हायला हवी, तुझ्या नापासाची नव्हे.

आणि शेवटी एक विचारते. तू हो म्हणालीस तर तुझं हे पत्र, नाव-गाव काढून, मी अंबाजोगाईच्या सरांना पाठवीन. मे महिन्याआधी त्यांना वहीत कुठले रकाने घालायचे ते ठरवायचं आहे. नाही म्हणालीस तरी चालेल. मासिकाच्या पत्त्यावर पाकिटावर ‘खासगी’ असं लिहून कळव, म्हणजे ते फक्त माझ्याच हातात पडेल. पेपरच्या फेरपरीक्षेची तारीखही त्यात लिही.